जनसंवादाचं शिक्षण घेताना पर्यावरणाच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून कुणी काम केलंय का? अनुभव कसा होता?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा लागला: तुम्ही जनसंवाद शिकताय, एका पर्यावरण संस्थेने सोशल मीडिया आणि प्रसिद्धिपत्रकं सांभाळायला विनामोबदला बोलावलंय, आणि मित्र म्हणतायत, "त्यापेक्षा चार झाडं लाव." हे खरंच काम असतं का, आणि प्रमाणपत्र मिळतं का, हे तुम्हाला हवंय.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून दीड वर्ष हेच केलं. संस्था लहानशी, एक पाणथळ जागा वाचवण्यासाठी धडपडणारी. सात-आठ माणसं, त्यातली निम्मी निवृत्त. मी गेले तेव्हा डोक्यात होतं की आता यांना जरा नव्या जमान्यात आणू. पहिल्याच महिन्यात मी त्यांचं नुकसान करून ठेवलं, म्हणून तिथूनच सांगते.

टिटवी घरटं म्हणावं असं काही बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ऊन चढलं की ती पाण्याकडे जाते, पोटाची पिसं भिजवून परत येते आणि अंड्यांवर बसते, त्यांना गारवा मिळावा म्हणून. मी हे लांबून, दुर्बिणीला मोबाइल लावून टिपलं. ओलं पोट, टपकणारे दोन थेंब, इकडेतिकडे बघत तिचं ते अलगद बसणं. चाळीस सेकंदांचं रील झालं. खाली जागेचं नाव टाकलं, वर लोकेशनही जोडलं, कारण वर्गात शिकवलं होतं की त्याने पोच वाढते.

वाढली की! संस्थेच्या खात्याने वर्षभरात पाहिले नव्हते एवढे प्रेक्षक दोन दिवसांत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे अकरा माणसं कॅमेरे घेऊन उभी होती. एक जण चक्क पालथा पडून अंड्यांचा क्लोजअप घेत होता. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि तिला उतरायला जागाच नव्हती. दुपार झाली तरी दोघंतिघं होतेच. त्या चारांतून एकही पिल्लू निघालं नाही.

संस्थेतले एक काका तीस वर्षं तिथे पक्षी मोजतायत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "रील छान होतं गं. पण टाकायच्या आधी मला एकदा विचारायचंस." बस, एवढंच. त्या दिवसापासून वीण चालू असताना कुठल्याही पक्ष्याची जागा आम्ही सांगितली नाही. फोटो हंगाम संपल्यावर टाकायचे, आणि फाइलमधली जागेची नोंद आधी पुसायची. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते कुणाच्या जिवावर बेतू शकतं हे कळायला ती सकाळ जावी लागली.

दुसरी फजिती पत्रकाची. मी मोठ्या अभ्यासाने लिहिलं होतं. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात दलदलीपासून ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणाऱ्या समुद्रापर्यंत सगळं येतं, १९७० ते २०१५ या काळात जगातल्या सुमारे ३५ टक्के पाणथळ जागा नाहीशा झाल्या, वगैरे. एकूण एक वाक्य बरोबर. तळ्याकाठच्या वस्तीत वाटायला गेले, तर एका बाईंनी उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण डासांचं काय?"

पत्रकात डास हा शब्दच नव्हता. आमच्या लेखी ती पाणथळ जागा होती, त्यांच्या लेखी डबकं. मग नवं पत्रक डासांपासूनच सुरू केलं. चतुर या उडणाऱ्या किड्याची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, मासेही खातात. डासांचं फावतं ते जिथे खाणारं कुणी नाही अशा साचलेल्या पाण्यात: जुन्या टायरमध्ये, डब्यांमध्ये, कुंडीखालच्या बशीत. आणि राडारोडा टाकून तळं अर्धवट बुजवलं की नेमकी तशीच छोटी डबकी तयार होतात. हे पत्रक लोक थांबून वाचायचे, वाद घालायचे. एकाने तर टायर दाखवायला मला मागच्या बाजूला नेलं. (रामसर शेवटच्या ओळीत गेलं. काकांना ते आवडलं नाही.)

राडारोड्यावरून आठवलं. मी एक फलकही लिहिला होता: "रोज कितीतरी लोक इथे कचरा टाकतात. तळं मरतंय." मला तो फार परिणामकारक वाटत होता. पुढच्या सत्रात सरांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या एका राष्ट्रीय उद्यानातला प्रयोग शिकवला. तिथे दगड बनलेलं प्राचीन लाकूड आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. "आधीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे इथलं रूप बदललं आहे" अशी पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे गेले. "कृपया नेऊ नका" असं साधं सांगितलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे सगळेच करतात असं सांगितलं की ऐकणाऱ्याला परवानगीच मिळाल्यासारखी वाटते. मी वर्गात मान खाली घालून बसले होते. त्याच आठवड्यात फलक बदलला. त्यानंतर राडारोडा कमी झाला, पण त्याच सुमारास ट्रक येऊ नयेत म्हणून वाटेवर चरही खणला होता, त्यामुळे श्रेय मी घेत नाही.

आता ज्या कामाचा मला खरंच अभिमान आहे ते सांगते. ते कुणी लाइक केलं नाही, कारण ते कुठे टाकलंच नाही. तळ्यात पाणी येण्याची मोरी भरावाने बुजली होती. संस्था दर काही महिन्यांनी आठ पानी निवेदन द्यायची आणि प्रत्येक वेळी फक्त पोच मिळायची. मी ती जुनी निवेदनं काढून बसले. एकेकात अकरा-अकरा मागण्या, त्याही चार वेगवेगळ्या विभागांच्या. ज्याच्या टेबलावर कागद जाईल त्याला ते दुसऱ्याचं काम वाटणार, हे उघड होतं. मी एक पान केलं. एकाच जागी उभं राहून काढलेले दोन फोटो, एक भराव पडण्याआधीचा आणि एक आत्ताचा. एक हाताने काढलेला नकाशा. आणि एकच मागणी: मोरीच्या तोंडाशी टाकलेला भराव काढावा. जैवविविधता, परिसंस्था, शाश्वत हे सगळे शब्द गाळले. त्यावरून बैठकीत दीड तास वाद झाला. एका ताईंचं म्हणणं होतं की अशाने आपण फक्त गटार साफ करून मागतोय. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण दोन महिन्यांनी मोरी मोकळी झाली.

तर हे खरंच काम असतं का? मित्रांना पांडा या प्राण्याची गोष्ट सांगा. १९६१ मध्ये वन्यजीव वाचवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचं बोधचिन्ह काढताना काळापांढरा पांडा निवडला, त्यामागे छपाई स्वस्तात व्हावी हाही हिशोब होता. ते रेखाटणारे पीटर स्कॉट मुळात पक्ष्यांमध्ये रमणारे. १९४६ मध्ये इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था त्यांनीच उभी केली. म्हणजे पक्षी मोजणारा आणि चित्र छापायची चिंता करणारा माणूस एकच होता. झाडं लावायची तर तीही लावा, मी लावली आहेत. दोन जगली.

बाकी किरकोळ: आठवड्याचे तास आधीच ठरवून घ्या, नाहीतर रात्री अकराला "एक छोटंसं पोस्टर करशील का?" असे निरोप येतात. खात्याचे पासवर्ड स्वतःच्या नंबरवर ठेवू नका. मी सोडल्यावर तीन महिने ओटीपी मलाच येत होते. आणि पहिले दोन आठवडे काहीही न टाकता नुसतं त्यांच्याबरोबर हिंडा. ते तुम्हाला आळशी समजतील, समजू द्या.

राहिलं प्रमाणपत्र. मिळालं, चांगल्या जाड कागदावर. त्यात माझं आडनाव चुकलंय. पण संस्थेचं सगळं छापील साहित्य तपासायचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.