जिनिंगच्या शेडमधला स्मोक डिटेक्टर आग नसताना का वाजते?

भाऊ, तुम्ही विचारलं की शेडमध्ये स्मोक डिटेक्टर लावले अन् आग नसताना रोज हूटर वाजते, तर माल खराब दिला का. मी वणीकडे हेच काम करतो, मला तर माल खराब नाही वाटत, जागा चुकली.

त्या डिटेक्टरच्या आत काळी डबी असते, तिच्यात बारका एलईडी अन् उजेड पकडणारा सेन्सर असे तिरपे बसवलेले की उजेड सेन्सरवर सरळ पडतच नाही. धूर शिरला की त्याच्यावर आपटून उजेड पसरते, थोडा सेन्सरवर येते अन् हूटर वाजवणाऱ्या पॅनलला सिग्नल जाते. आता त्याला धूर काय अन् रुईची धूळ काय, दोन्ही सारखंच! रेचे, म्हणजे सरकी काढायच्या मशिनी, चालू असले की तिथं किती तंतू उडतात तुम्हाला माहीतच आहे. ऑफिसात हाच डिटेक्टर मस्त चालते.

मंग लोक म्हणतात हीट डिटेक्टर लावा. साधावाला 57 डिग्रीच्या आसपास वाजते, अन् मे महिन्यात आपल्याइकडे टिनाखाली काय भट्टी असते राजेहो, म्हणून जास्त डिग्रीचा घ्यावा लागते. पण रुईची दाबलेली गठाण पेटली तर आतल्या आत लय वेळ धुमसते, वरपर्यंत गरमी पोचेस्तोवर काम झालेलं असते. माझं मत विचाराल तर रुई ओढून नेणाऱ्या पाइपात स्पार्क डिटेक्टर बसवा, तो ठिणगीचं इन्फ्रारेड पकडते, अन् जिनिंगमध्ये कापसासोबत आलेला खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा घासूनच ठिणगी पडते बऱ्याचदा. लोखंड पकडायला चुंबकही लावा. दरवाजापाशी अलार्म वाजवायला हातानं दाबायचे लाल डबे तर पाहिजेतच, मजुराला आग मशीनच्या आधी दिसते.

उंदरानं वायर कुरतडली तर पॅनलला कळते. साध्या सिस्टीममध्ये लाइनच्या शेवटी एक रेझिस्टर असते, त्यातून थोडा करंट सतत फिरत राहते, तो तुटला की फॉल्ट अन् वाढला की फायर. फॉल्टचा पिवळा लाइट लागला की लोक बझर सायलेंट करून मोकळे होतात, तसं नका करू. लाइट गेली तर आतल्या 12-12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालते, त्या सीझनच्या आधी चेक करून घ्या. अन् रेच्यांच्या आवाजात नुसता हूटर कोणाला ऐकू येत नाही, सोबत लुकलुकणारा लाइट, म्हणजे फ्लॅशर मागा.