फिट्सची नेहमीची गोळी कुठेच मिळत नाहीये. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची देतोय, म्हणतो तीच आहे. घेतली तर चालेल का?

गोळी कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. फेनिटॉइन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. आमच्या घरात हे होऊन गेलंय.

माझ्या मिस्टरांना कॉलेजात असल्यापासून हा त्रास. फेनिटॉइनवर फिट्स कित्येक वर्षं बंद होत्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोथरूडला आमच्या मेडिकलमध्ये नेहमीची पट्टी मिळेना. "मागून मालच येत नाही ताई, ही घ्या, कंटेंट तोच, शंभर एमजीच." धाकटे दीर औषधांच्या लाईनमध्ये आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, सॉल्ट, म्हणजे आतलं मूळ औषध, एकच असतं, उगाच शंका काढू नका."

थोड्याच दिवसांत ह्यांचा तोल जायला लागला. भिंत धरून बाथरूमला जायचे. चहाचा कप बशीत ठेवायला जायचे आणि तो बशीच्या कडेवर टेकायचा. जीभ जड झाली, बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं लटपटायची. दूध आणायला खाली गेले, तर वॉचमनने धरून वर आणलं आणि सोसायटीत कुजबुज सुरू झाली की साहेब घेऊन आले होते. ज्या माणसाने कधी थेंबाला हात लावला नाही, त्याच्याबद्दल! भाऊजी तेव्हाही म्हणत होते, "झोप होत नसेल, टेन्शन आहे."

न्यूरोलॉजिस्टनी फोनवरच ओळखलं आणि रक्तातली औषधाची लेव्हल करायला लावली. ती दहा ते वीसमध्ये हवी, ह्यांची वीसच्या बरीच वर गेली होती. लिव्हर हे औषध एका मर्यादेपर्यंतच निकालात काढतं. माणूस त्या मर्यादेच्या जवळ असला की गोळीतून जरासं जास्त शोषलं गेलं तरी लेव्हल उसळते, आणि कमी शोषलं गेलं तर फिट येऊ शकते. १९६८ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हेच झालं होतं. फेनिटॉइन तेवढंच होतं, कॅप्सूलमधली भरीची पूड फक्त बदलली, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं, आणि पेशंटना औषध चढलं. भरीच्या पुडीने एवढं होतं, तर "सॉल्ट एकच" हे उत्तर पुरत नाही.

ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये या औषधांचे गट पाडले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, प्रिमिडोन एकाच कंपनीचं ठेवायचं. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन यांचं डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवायचं. लेव्हेटिरॅसिटॅमला सहसा बंधन नाही, ती असेल तर एवढं घाबरू नका.

नेहमीच्या गोळीसाठी मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये विचारा. सदाशिव पेठेत होलसेलवाले आहेत, तिथून मागवून द्या म्हणून तुमच्या दुकानदाराच्या मागे लागा. पट्टी अर्धी झाली की पुढची आणायची.

एक मात्र नीट लक्षात ठेवा, डोस चुकवणं सगळ्यात वाईट. आज रात्रीची गोळीच नसेल तर त्याच औषधाची, तेवढ्याच एमजीची दुसऱ्या कंपनीची घ्या आणि लगेच डॉक्टरांना कळवा. नावापुढची एसआर, सीआर ही अक्षरंही (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी) जुळली पाहिजेत. आणि मी जेनेरिकच्या विरोधात नाही. जनऔषधीतली तीच गोळी पहिल्यापासून चालू असेल आणि नेहमी मिळत असेल तर खुशाल घ्या.

भाऊजी अजून म्हणतात की कंपनीचा काही संबंध नव्हता. जुनी कंपनी सुरू केल्यावर, पूर्वीच्याच डोसला, लेव्हल वीसच्या आत आली. तो रिपोर्ट माझ्या फाईलमध्ये आहे. तुम्ही चिठ्ठीवर डॉक्टरांकडून कंपनीचं नाव आणि "बदलू नये" असं लिहून घ्या, आणि घरात कोणी औषधांच्या लाईनमधलं असेल तर त्यांनाही ती चिठ्ठीच दाखवा.