डबीवरच्या शब्दाची जबाबदारी

प्रश्न : मी गेली पाच वर्षे सौंदर्यप्रसाधनांच्या एका ब्रँडसाठी दुकानातील काउंटरवर ब्युटी ॲडव्हायझर म्हणून काम करते. समोरच्या व्यक्तीला कोणती शेड शोभेल हे मला चटकन कळते. आता मला अशाच एखाद्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात मार्केटिंग विभागात जायचे आहे. माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदवी आहे, एमबीए नाही. मैत्रिणी म्हणतात की, तिथे नवी उत्पादने लावून बघायची आणि जाहिरातींच्या चित्रीकरणाला जायचे एवढेच काम असते. प्रत्यक्षात काम काय असते आणि मला तिथे वाव आहे का?

उत्तर : मैत्रिणींनी सांगितलेले खोटे नाही, पण ते वर्षातल्या दहा-पंधरा दिवसांचे वर्णन आहे. उरलेले दिवस विक्रीचे तक्ते, बैठका आणि पाठपुरावा यांत जातात. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण केवळ मेकअपच्या आवडीपोटी या नोकरीत आलेली आणि वर्षभरात हिरमुसून बाहेर पडलेली बरीच मुलेमुली मी पाहिली आहेत.

या कामाची आजची घडी समजून घ्यायची तर १९३१ सालापर्यंत मागे जावे लागते. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत कॅमे या अंगाच्या साबणाच्या जाहिरातीचे काम पाहणारे नील मॅकेलरॉय यांना वाटत होते की, कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या सावलीत कॅमेकडे कोणाचे नीट लक्ष जात नाही. त्यांनी वरिष्ठांना तीन पानांचे टिपण लिहून सुचवले की, प्रत्येक ब्रँडचा सांभाळ करणारी स्वतंत्र माणसे असावीत आणि त्या ब्रँडच्या बऱ्यावाइटाला तीच जबाबदार असावीत. ब्रँड मॅनेजर या पदाचा उगम सहसा या टिपणाशी जोडला जातो. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या आजही याच पद्धतीने चालतात. तुमच्याकडे लिपस्टिकची एखादी श्रेणी सोपवली की तिचा रंग, डबी, किंमत, जाहिरात, साठा आणि नफातोटा यांविषयी पहिली विचारणा तुमच्याकडेच होते. मात्र प्रयोगशाळा, कारखाना आणि विक्री विभाग यांतले कोणीही तुमच्या हाताखाली नसते. अधिकार नसताना सगळ्यांकडून वेळेवर काम करून घेणे हा या नोकरीतला सर्वात कस लागणारा भाग आहे.

एका लिपस्टिकचेच उदाहरण घेऊ. सुरुवातीला तुम्ही एक-दोन पानांचा ब्रीफ लिहिता. ती कोणासाठी आहे, मॅट हवी की चकाकणारी, ओठांवर किती तास टिकावी, खर्च कितीत बसावा, हे सारे त्यात असते. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतून नाव नसलेले, केवळ क्रमांक टाकलेले नमुने येतात. ते लाइट बॉक्स नावाच्या राखाडी पेटीत आधी दिवसाच्या उजेडाशी जुळणाऱ्या दिव्याखाली, मग दुकानातल्या ट्यूबसारख्या आणि शेवटी पिवळसर बल्बच्या प्रकाशात धरायचे. पहिल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेले दोन गुलाबी रंग तिसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. एक विटकरीकडे झुकतो, दुसरा तसाच राहतो. मग नमुना परत जातो, कधीकधी सात-आठ वेळा. रंग ठरल्यावर उत्पादन साधारण तीन महिने ४० अंश सेल्सियसला ठेवून ते टिकते का ते पाहिले जाते, ज्या डबीत ते भरायचे तिच्याशी त्याचे जमते का हेही तपासले जाते, आणि पाण्याचा अंश असलेल्या क्रीमची जंतूंविरुद्ध टिकून राहण्याची चाचणी तर २८ दिवस चालते. डबीसाठी स्वतंत्र साचा करायचा असेल तर आणखी काही महिने लागतात. कल्पनेपासून दुकानापर्यंत दीड-दोन वर्षे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. आज सगळ्यांच्या ओठांवर दिसणारा रंग पाहून आज ब्रीफ लिहायला बसणाऱ्याचा माल बाजारात येईपर्यंत ती लाट ओसरलेली असते.

त्यानंतर येतो विक्रीचा अंदाज, आणि इथेच मी सुरुवातीच्या काळात जबर ठेच खाल्ली. बारा शेडच्या एका श्रेणीत गडद जांभळी शेड मला मनापासून आवडली होती, म्हणून मी तिचा साठा मधल्या फिकट शेडइतकाच मागवला. सहा महिन्यांत त्वचेच्या जवळ जाणाऱ्या तीन शेड संपून काउंटर रिकामे पडले आणि जांभळीचे खोके गोदामात तसेच राहिले. त्या महिन्यांत काउंटरवर उभ्या असलेल्या मुलींना रोज ग्राहकांना परत पाठवावे लागले. त्यांच्यापैकी एकीला जरी आधी विचारले असते तरी तिने मला हे सांगितले असते.

म्हणूनच तुमची पाच वर्षे मी मोलाची मानते. २०१७ मध्ये फेंटी ब्युटी या ब्रँडने फाउंडेशनच्या, म्हणजे चेहऱ्यावर लावायच्या त्वचेच्या रंगाच्या प्रसाधनाच्या, ४० शेड एकदम बाजारात आणल्या, तेव्हा साऱ्या उद्योगाला धक्का बसला. पण गडद किंवा अतिशय फिकट त्वचेच्या व्यक्तीला आपल्यापुढून रिकाम्या हाती जाताना पाहिलेल्या प्रत्येक काउंटरवालीला ही गरज फार आधीपासून ठाऊक होती. ते ज्ञान मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचत नव्हते, एवढेच. तुमच्याजवळचे हे ज्ञान आजपासून कागदावर उतरवायला लागा. कोणती शेड मागितली गेली आणि नव्हती, काय परत आले आणि का, ग्राहक कोणत्या शब्दांत तक्रार करतो, याची तारखेसह नोंद ठेवा. मुलाखतीत अशा सहा महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, तर एमबीए नसल्याची उणीव पुष्कळशी भरून निघते.

पुष्कळशी म्हणते, पूर्ण नाही. मोठ्या कंपन्या ब्रँड विभागातल्या पहिल्या जागा बऱ्याचदा व्यवस्थापन संस्थांतूनच भरतात आणि तो दरवाजा तुम्हाला कदाचित बंद मिळेल. त्यामुळे सरळ ब्रँड विभागाचा हट्ट न धरता आधी प्रशिक्षण विभाग किंवा ट्रेड मार्केटिंगचा विचार करा. दुकानातली मांडणी, टेस्टर, सेल्सगर्लचे प्रशिक्षण आणि खरेदीवरच्या भेटवस्तू या गोष्टी तिथे पाहिल्या जातात, आणि तुमच्याइतकी त्यांची जाण बाहेरून आलेल्या उमेदवाराला नसते. दरम्यान स्प्रेडशीट उत्तम शिकून घ्या. कंपनीने दुकानाला विकलेला माल आणि दुकानाने ग्राहकाला विकलेला माल हे दोन वेगळे आकडे असतात, हे तुम्ही काउंटरवर अनुभवले आहे. त्यांतला फरक तक्त्यात मांडून दाखवता आला पाहिजे.

प्रश्न : मी एका कंपनीत असिस्टंट ब्रँड मॅनेजर आहे. आमच्या नव्या क्रीमची चाचणी ३३ स्त्रियांवर चार आठवडे झाली. त्यांनी फक्त प्रश्नावली भरली आणि २९ जणींनी त्वचा अधिक गुळगुळीत वाटल्याचे नोंदवले. माझ्या वरिष्ठांना खोक्यावर ‘सुरकुत्या कमी होतात हे वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध’ असे छापायचे आहे. मला हे पटत नाही, पण त्यांच्यासमोर बोलण्याचा धीर होत नाही. मी नोकरी सोडावी का?

उत्तर : नोकरीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. तुमची अस्वस्थता योग्य आहे आणि तिच्यामागे ठोस कारण आहे, ते आधी पाहू.

तुमच्या चाचणीत त्या स्त्रियांना काय वाटले हे कळले. सुरकुत्यांचे काय झाले हे कळलेले नाही, कारण ते कोणी मोजलेच नाही. सुरकुती कमी झाली असे म्हणायचे तर डोळ्यांच्या कडेच्या त्वचेचा ठसा किंवा त्रिमितीय छायाचित्र आधी आणि नंतर घ्यावे लागते आणि क्रीम न लावलेल्या त्वचेशी त्याची तुलना करावी लागते. त्याशिवाय ‘सिद्ध’ हा शब्द वापरणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे. ज्या बाईने पगारातून पैसे बाजूला काढून ती डबी घेतली, ती आरशात रोज बघते आणि काही बदल दिसला नाही की दोष स्वतःच्या त्वचेला देते. हे मला वर्षानुवर्षे सलत आले आहे आणि म्हणून मी या प्रश्नाला सौम्य उत्तर देणार नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या २०१३ सालच्या ६५५ क्रमांकाच्या नियमावलीत प्रसाधनांवरील दाव्यांसाठी सहा निकष दिले असून, सत्यता आणि पुराव्याचा आधार हे त्यांतले दोन आहेत. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानुसार शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याच्या हेतूने विकलेले उत्पादन औषधाच्या व्याख्येत जाते, म्हणजे खोक्यावरचे एक वाक्य तुमच्या क्रीमला वेगळ्याच नियमांखाली नेऊ शकते. ब्रिटनमध्ये २०११ साली जाहिरात नियामक संस्थेने लॉरियल कंपनीच्या लॅनकोम आणि मेबेलिन या ब्रँडच्या फाउंडेशनच्या जाहिराती मागे घ्यायला लावल्या. छायाचित्रात केलेली सफाई उत्पादनाच्या परिणामाची अतिशयोक्ती करत नाही हे कंपनीला दाखवून देता आले नव्हते.

आता धीराविषयी. वरिष्ठांच्या खोलीत ‘हे चूक आहे’ एवढेच म्हणून जाऊ नका, कारण त्यांच्यावरही विक्रीच्या उद्दिष्टाचे ओझे आहे आणि त्यांना वाक्य हवेच आहे. पर्यायी वाक्य लिहून न्या. ‘चार आठवड्यांच्या वापरानंतर ८८ टक्के स्त्रियांना त्वचा अधिक गुळगुळीत वाटली’ आणि त्याखाली ‘३३ स्त्रियांनी स्वतः नोंदवलेले मत’ हे खरे आहे आणि ते विकलेही जाते. त्याआधी संशोधन विभागाचे आणि नियामक बाबी पाहणाऱ्या सहकाऱ्याचे मत ईमेलवर घ्या; त्यांच्या सहीशिवाय आर्टवर्क, म्हणजे खोक्यावरचा मजकूर आणि चित्रे, छपाईला जाऊ नये, ही चौकट बहुतेक कंपन्यांत असते आणि ती तुमच्यासारख्यांच्या आधारासाठीच आहे. माझ्या एका जुन्या कंपनीत असाच एक शब्द घाईत छापला गेला. नंतर प्रत्येक खोक्यावर हाताने पांढरी पट्टी चिकटवावी लागली, ती तिरकी बसली, आणि दुकानदारांनी खराब माल म्हणून अर्धी खोकी परत केली. छपाईपूर्वी तो बदल एका दुपारचे काम होते. हा खर्चाचा मुद्दा वरिष्ठांना लगेच समजतो, तोच पुढे करा.

एवढे करूनही ते वाक्य जसेच्या तसे छापायचे ठरले, तर तुमचा आक्षेप लेखी नोंदवा. पुढच्या उत्पादनाच्या वेळीही हेच घडले, तर मात्र दुसरी नोकरी शोधायला लागा.

प्रश्न : मी पुरुष आहे, स्वतः मेकअप वापरत नाही. या क्षेत्रात मार्केटिंग करू शकेन का?

उत्तर : अवश्य. डेव्हिड मॅककॉनेल हे घरोघरी फिरून पुस्तके विकणारे विक्रेते होते. पुस्तकांसोबत ते अत्तराचे नमुने भेट देत, आणि घरातल्या स्त्रियांना पुस्तकांपेक्षा अत्तर अधिक आवडते हे त्यांच्या लक्षात आले. १८८६ साली त्यांनी अत्तरांची कंपनी काढली, ती पुढे एव्हॉन नावाने जगभर गेली. त्यांनी दारात उभे राहून जे ऐकले ते तुम्हालाही ऐकता येईल. मुलाखतीपूर्वी काही शनिवारी संध्याकाळी एखाद्या गजबजलेल्या काउंटरजवळ परवानगी घेऊन उभे राहा, आणि ग्राहक डबी हातात घेऊन परत ठेवतो त्या वेळी शेजारच्या व्यक्तीला काय म्हणतो ते लिहून घ्या.