दूरसंचारात आधी यंत्र बदलते की आधी नियम?

दूरसंचारात तंत्रज्ञान पुढे जाते आणि संस्था मागून फरफटत येतात, हे खरे का, असे आपण विचारले आहे. माझ्या एका वरिष्ठांचे हेच मत होते, आणि आमचे त्यावर शेवटपर्यंत जमले नाही.

मी नोकरीला लागलो ते स्ट्रॉजर पद्धतीच्या, म्हणजे ऑपरेटरशिवाय आपोआप कॉल जोडणाऱ्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये. तिथे प्रत्येक ग्राहकाचा एक लहानसा मीटर असे. लांबचा कॉल लागला की त्यावर भराभर पल्स, म्हणजे आकडा एकेकाने पुढे ढकलणारे विजेचे ठोके, पडत, आणि ठरावीक मुदतीने मीटरांच्या रांगांचे फोटो काढून बिलिंगकडे पाठवले जात. मीटरला आकडा पुढे ढकलण्यापलीकडे काही येत नव्हते, म्हणून दर युनिटमध्ये, बिल युनिटमध्ये आणि तक्रारीचा निकाल 'मीटर बरोबर आहे' एवढ्याच शेऱ्यात. पुढे डिजिटल एक्स्चेंज आले आणि नंबर, वेळ, कालावधी असा सगळा तपशील टेपवर उतरू लागला. एका ग्राहकाने अवाच्या सवा बिलाची तक्रार केली, तेव्हा मी तो तपशील काढला. रात्री लागलेला एकच कॉल तब्बल नऊ तास सुटलेला, म्हणजे एक्स्चेंजमध्ये तुटलेला, नव्हता. बिलिंगने कागद परत पाठवला : नियमाप्रमाणे मीटरचे रीडिंगच ग्राह्य. ग्राहकाने पैसे भरले. "यंत्र आले, नियम येतील," असे वरिष्ठ म्हणाले. मात्र नियम बदलण्यासाठीचे टिपण लिहायला कोणी बसेना.

स्ट्रॉजरचेच पाहा. पेटंट १८९१चे, इंडियानातील ला पोर्टचे एक्स्चेंज १८९२चे. पण हाताने कॉल जोडणाऱ्या ऑपरेटरांभोवती उभ्या राहिलेल्या अमेरिकेतील बेल या टेलिफोन कंपनीने ही पद्धत १९१९मध्ये स्वीकारायला सुरुवात केली. उलट १९६८मध्ये अमेरिकेच्या नियामक आयोगाने कार्टरफोनच्या (रेडिओ संच टेलिफोनला जोडणारे एक उपकरण) निकालात आपल्या लाइनला परके उपकरण जोडण्यावरची बेलची बंदी मोडली, आणि त्यानंतरच मोडेम व आन्सरिंग मशीन बनवणाऱ्यांना बाजार मोकळा झाला. म्हणजे यंत्राची वाट नियमच अडवतो आणि नियमच मोकळी करतो.

अर्थात कराराने सगळे होते, असेही नाही. जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीसाठी १३ देशांनी १९८७मध्ये कोपनहेगनला सह्या केल्या खऱ्या, पण डिजिटल चिपा स्वस्त होत नसत्या, तर त्या सह्या कागदावरच राहिल्या असत्या.

आपण याचा अभ्यास करणार असाल, तर यंत्रांच्या माहितीपत्रकांआधी जुनी दरपत्रके आणि तक्रारींच्या नोंदवह्या काढून वाचा. आमचे वरिष्ठ त्या कधी उघडत नसत.