दिवाणातले अकरा खोके

"हा छंद आहे की आजार?" मी समुपदेशक आहे. घरातल्या कुणाबद्दल तरी हा प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे येतात. कुणाचा मुलगा बुटांचे जोड जमवतो, कुणाच्या सासूबाई श्रीखंडाचा रिकामा डबाही टाकू देत नाहीत. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दादरच्या खोलीत भांडुपहून एक बाई आल्या. त्यांची तक्रार मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, माझा नवरा रात्री दीड वाजता हेडफोन लावून खरखर ऐकतो. गाणं नाही, नुसती खरखर. पूर्वी टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तशी. आणि त्या खरखरीचे त्याने ऐंशी हजार रुपये दिलेत."

एके दुपारी कुरिअरवाला दारात उभा राहून कस्टम ड्युटीचे पैसे मागायला लागला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी दिवाणाची फळी उचलली. गाद्या-गोधड्यांच्या खाली अकरा खोके, प्रत्येकात सिलिका जेलच्या पुड्या. काहींवरचं प्लॅस्टिक अजून फाडलेलंही नव्हतं. क्रेडिट कार्डाचे हप्ते चालू होते आणि त्यातले दोन मुलीच्या क्लाससाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून गेले होते. "ह्याचं डोकं फिरलंय का, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

नवरा पुढच्या आठवड्यात एकटा आला. चव्वेचाळीस वर्षांचा, एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करणारा, शांत माणूस. मी त्याला आधी त्या आवाजाबद्दलच विचारलं. ते समजून न घेता बाकीचं बोलणं मला अप्रामाणिक वाटलं असतं.

तो खुलला. जपानमधले मासामी अकिता १९७९ पासून 'मर्झबो' या नावाने नॉइज करतात. नॉइज म्हणजे सूर नाही, ताल नाही, शब्द नाही. विजेची गुणगुण, फीडबॅक (माइक स्पीकरजवळ नेला की येते ती शिट्टी), घासलेला पत्रा, सिंथेसायझरची किंचाळी, सगळं एकावर एक रचलेलं. सुरुवातीला ते स्वतःच कॅसेटी भरून टपालाने धाडायचे. आता त्यांच्या ध्वनिमुद्रणांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. २००० साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीने त्यांचा पन्नास सीडींचा 'मर्झबॉक्स' काढला, फक्त १,००० प्रती. ऐंशी हजारांचा खोका तो हाच. त्याशिवाय २०१० चा बारा सीडींचा 'मर्झबिएंट' होता आणि जपानी पक्ष्यांवरची तेरा अल्बमची मालिकाही. हा कलावंत प्राण्यांच्या हक्कांविषयी बोलतो, दूध-अंडीसुद्धा खात नाही. हे मी नंतर बाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा जरा सैल झाल्या. त्यांच्या मनात काहीतरी अघोरी प्रकार असेल अशी भीती बसली होती.

नावाची गोष्टही त्यानेच सांगितली. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने हॅनोव्हरमधल्या आपल्या घरात टाकाऊ वस्तू, लाकूड, प्लास्टर जोडत जोडत एक रचना वाढवत नेली. ती एका खोलीतून दुसरीत शिरत गेली. तिचं नाव 'मर्झबाऊ'. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. मर्झबो हे नाव तिच्यावरूनच आलं.

"घरात तुम्ही हे कुणाला सांगितलंय?" मी विचारलं.

"कुणाला सांगणार मॅडम? ऐकून हसतील."

त्याचं लहानपण लालबागचं. चाळीखाली मसाला कुटायचे डंक चालायचे, मार्च ते मे दिवसभर. हे ऐकताच मला वाटलं, किल्ली सापडली. लहानपणच्या आवाजाची ओढ! मी तसं सुचवलंही. त्याने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग नम्रपणे नकार दिला. "नाही हो. डंकांचा मला वैतागच होता. हे मला आवडतं, एवढंच. दिवसभर माझ्या कानात माणसं ओरडत असतात. रात्री असा आवाज हवा वाटतो, ज्यात कुणी मला काही मागत नाही." मी माझं स्पष्टीकरण तिथेच सोडलं. आवडीला दरवेळी जखमेचं कारण शोधू नये, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं आहे.

वस्तू साठवण्याच्या आजाराला २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानग्रंथात स्वतंत्र स्थान मिळालं. त्यात वस्तूची किंमत काही असो, ती टाकण्याच्या कल्पनेनेच माणूस कासावीस होतो आणि पसारा इतका वाढतो की ओटा, पलंग, मोरी यांचा वापरच बंद पडतो. असं चित्र घरात दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना गाठाच. इथे मात्र तीनशे ऐंशी चौरस फुटांच्या घरातला एक दिवाण भरला होता आणि त्याची नोंदवही माझ्या समोर होती. प्रत्येक खोक्याचं नाव, क्रमांक, तारीख, किंमत, सुवाच्य अक्षरात. साठवणुकीच्या आजारात असा हिशेब सहसा सापडत नाही. हा संग्राहक होता.

मग बिनसलं कुठे? ते त्या वहीनेच दाखवलं. खरेदीच्या तारखांशेजारी मी त्याला त्या दिवसांत काय चाललं होतं ते आठवून लिहायला सांगितलं. बढती हुकली तो आठवडा. वडिलांची अँजिओप्लास्टी. बायकोशी अबोला. अकरापैकी आठ खरेद्या रात्री बारानंतरच्या. आणि चार खोके त्याने एकदाही उघडले नव्हते.

म्हणजे हे दोन वेगळे छंद होते. एक ऐकण्याचा, तो त्याला शांत करत होता. दुसरा मिळवण्याचा, तो फक्त मिळेपर्यंतच टिकायचा. त्यातही कलावंत असा की त्याचा संच कधी पुरा होणारच नाही, आणि प्रती इतक्या मोजक्या की "आत्ता नाही तर कधीच नाही" ही धास्ती कायम मानेवर. मी त्याला म्हणाले, मर्झबॉक्समधली सीडी सरासरी एक तासाची धरली तर तो एकच खोका पन्नास तासांचा आहे. हे तास तुमच्याकडे कधी आहेत? तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

तिसऱ्या वेळी दोघं आली. मी बाईंची परवानगी घेऊन हळू आवाजात पाच मिनिटं एक सीडी लावली. त्या डोळे मिटून बसल्या. "बोरिवली फास्ट दादरला न थांबता गेल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. "मला नाही आवडलं. पण तू हे मला कधी ऐकवलं का नाहीस?" त्याला उत्तर देता आलं नाही. त्यांना दुखलं होतं ते इथे. खरखर त्यांनी सोसली असती. फळीखाली लपवलेल्या खोक्यांनी आणि मुलीच्या पैशांनी त्यांचा विश्वास मोडला होता, आणि ते पैसे काढणं चूकच होतं. मी ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं. आवड निर्दोष आहे म्हणून लपवाछपवी निर्दोष ठरत नाही.

बाईंनाही एक गोष्ट सांगितली, आणि ती अशा प्रत्येक घराला सांगते. रागाच्या भरात संग्रह रद्दीत घालू नका, परस्पर विकू नका. त्याने आजार बरा होत नाही, छंदही सुटत नाही. लपवण्याची जागा तेवढी बदलते.

ठरलं ते साधंच होतं. आधी क्लासचे पैसे परत भरायचे. खोके दिवाणातून बाहेर काढून कपाटाच्या एका कप्प्यात, उघड्यावर ठेवायचे. कप्पा भरला की थांबायचं. काही हवंसं वाटलं तर बायकोला सांगायचं आणि दहा दिवस थांबायचं. आणि न उघडलेले खोके आधी ऐकायचे. कान तपासायलाही मी त्याला पाठवलं, कारण रात्री कानात बारीक 'कींऽ' असा आवाज येतो, असं तो बोलून गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे, ९० डेसिबलवर तीच मर्यादा ४ तासांवर येते. हेडफोनवर नॉइज ऐकणाऱ्याने हे पाठ करून ठेवावं. ऑडिओमेट्रीत वरच्या पट्टीत थोडी घट निघाली. ती आता भरून येणार नाही. आवाज मात्र त्याने कमी केला आहे.

मध्ये एकदा तो घसरलाही. गणपतीच्या दिवसांत ऑफिसात वाद झाला आणि त्याने रात्री पुन्हा एक संच मागवला. पण सकाळी चहाच्या वेळी स्वतःहून बायकोला सांगितलं. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ऑर्डर रद्द झाली, दोन दिवस घरात अबोला. बाईंनी मला फोन करून विचारलं, "हे बिघडलं की सुधारलं?" मी विचारलं, "या वेळी तुम्हाला कुरिअरवाल्याकडून कळलं का?" त्या थांबल्या. "नाही. त्याच्याकडूनच."

कार्डाचे पाच हप्ते अजून बाकी आहेत. दर रविवारी दुपारी तो मर्झबॉक्समधली एक सीडी क्रमाने ऐकतो, एकच, दार लोटून. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याशेजारी बाई त्या सीडीचा आकडा लिहून ठेवतात. परवा आल्या तेव्हा म्हणाल्या, चौदावी झाली.