लग्नाचा वाढदिवस आणि दुपारचे इटालियन जेवण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला 35 वर्षे पूर्ण होत आहेत. मुले परदेशी असल्यामुळे समारंभ न करता आम्ही दोघांनीच घराजवळच्या एका छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये दुपारी जेवायला जायचे ठरवले आहे. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि अंडेही खात नाही. मेन्यू पाहिला तेव्हा निम्म्या पदार्थांची नावेही कळली नाहीत. काय मागवावे, कोणत्या क्रमाने मागवावे आणि शाकाहारी माणसाने कशाविषयी सावध राहावे, हे सविस्तर सांगाल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सर्वप्रथम आपणा दोघांचे मनःपूर्वक अभिनंदन. आपण दुपारची वेळ निवडलीत हे मला फार आवडले, कारण इटलीतही परंपरेने दिवसाचे मुख्य जेवण दुपारचेच असते, आणि रविवारी किंवा सणाला एकच्या सुमारास टेबलाशी बसलेले कुटुंब दोन-दोन तास उठत नाही. आपल्याकडील रेस्टॉरंटमध्ये आठवड्याच्या मधल्या वाराला दुपारी गर्दी कमी असते, त्यामुळे वेटरला समजावून सांगायला आणि स्वयंपाकघराला वेगळे काही करून द्यायला सवड मिळते. मात्र दुपारची शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात हे आधी विचारून घ्या आणि त्याच्या निदान दोन तास आधी पोहोचा.

आपला गोंधळ झाला तो पदार्थांच्या नावांमुळे कमी आणि मेन्यूच्या रचनेमुळे अधिक झाला असावा. आपल्या ताटात वरण, भात, भाजी, कोशिंबीर, पोळी एकाच वेळी येतात. इटालियन जेवणात पदार्थ एकामागून एक येतात आणि मेन्यूतील विभाग त्याच क्रमाने छापलेले असतात. सुरुवातीला ‘आन्तिपास्तो’ म्हणजे भूक चाळवणारे थोडेसे खाणे, मग ‘प्रिमो’ म्हणजे पास्ता, रिसोत्तो किंवा सूप, त्यानंतर ‘सेकोंदो’ म्हणजे मांस किंवा मासळी, तिच्या जोडीला ‘कोन्तोर्नो’ म्हणजे भाजी किंवा सॅलड, आणि शेवटी ‘दोल्चे’ म्हणजे गोड. इटलीतही रोज कोणी हे सगळे टप्पे घेत नाही. शाकाहारी माणसाला तर ‘सेकोंदो’ सरळ सोडून देता येतो, आणि त्याने जेवण अपुरे राहत नाही.

आपल्या जागी मी असे मागवेन. सुरुवातीला दोघांत एकच आन्तिपास्तो घ्यावा. भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला ब्रुस्केत्ता, किंवा ताजे मोझरेला, टोमॅटो आणि इटालियन तुळस यांचा काप्रेसे, दोन्ही चालतील. त्यानंतर एक पास्ता आणि एक रिसोत्तो मागवा, पण दोन्ही एकदम नकोत. पास्ता आधी सांगा, तो दोन बशांत विभागून आणायला सांगा, आणि तो टेबलावर आला की मगच रिसोत्तो करायला घ्या असे वेटरला सांगा. रिसोत्तो हा उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात पिकणाऱ्या आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीच्या तांदळाचा पदार्थ आहे. गरम रस्सा थोडा थोडा घालत, ढवळत, साधारण 18 ते 20 मिनिटांत तो शिजतो आणि शेवटी त्यात लोणी व चीज घोटतात. तो थांबला की घट्ट होऊन बसतो, म्हणून त्याने आपली वाट पाहण्यापेक्षा आपण त्याची वाट पाहिलेली बरी. त्या वीस मिनिटांत घाई न करता बोलत बसता येते, आणि माझ्या मते या पद्धतीच्या जेवणाचे खरे सुख त्यातच आहे. सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडून घेतले, तर अर्ध्या तासात जेवण उरकते, निम्मे अन्न गार होते आणि 35 वर्षांच्या निमित्ताने ठरवलेली दुपार हातची जाते.

पास्ता आणि रिसोत्तो दोन्ही आपल्याला किंचित कमी शिजल्यासारखे वाटतील. दाताला जरा लागेल इतपतच शिजवण्याची तिकडची रीत आहे आणि चांगल्या पास्त्याची चव तशीच कळते, परंतु आपल्याला मऊ आवडत असेल तर तसे निःसंकोच सांगा. सुका पास्ता ज्या कठीण, पिवळसर गव्हाच्या रव्यापासून होतो तो गहू आपल्याला परका नाही. रवा आणि शेवयांसाठी महाराष्ट्रात वापरला जाणारा बन्सी गहू त्याच जातकुळीतला आहे. मेन्यूत ‘फार्रो’चे सूप दिसले तर ते जरूर घ्या, कारण फार्रो या नावाने इटलीत जे धान्य सर्वाधिक खाल्ले जाते ते म्हणजे आपला खपली गहू. फक्त त्या सुपात मांसाचे तुकडे किंवा मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारून घ्या.

आता सावधगिरीविषयी. येथे मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मेन्यूवरील हिरव्या खुणेवर विसंबून अनेक शाकाहारी मंडळी नकळत नको ते खातात.

पहिली गोष्ट चीजची. पार्मिजानो रेज्जानो, ज्याला आपण पार्मेझान म्हणतो, ते त्याच्या अधिकृत नियमांनुसार वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेट या दूध साकळवणाऱ्या द्रव्यानेच करावे लागते. ग्राना पादानोतही बहुधा तेच असते आणि मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो रोमानोत कोकराचे रेनेट असते. भारतात तयार होणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये मात्र सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते आणि त्याच्या वेष्टनावर हिरवा ठिपका असतो. तेव्हा “तुमच्याकडे कोणते चीज वापरता आणि त्यावर हिरवा ठिपका आहे का?” एवढे विचारायचे. पेस्तो या तुळशीच्या हिरव्या सॉसमध्येही हे चीज असते, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट अंड्याची. सुका पास्ता सहसा फक्त रवा आणि पाण्याचा असतो, पण ताजा, हाताने केलेला ताल्यातेल्ले, राव्हिओली किंवा लाझान्याच्या पट्ट्या यांत बहुतेक वेळा अंडे असते. म्हणजे अधिक महाग आणि ‘घरगुती’ म्हणून मिरवणारा पास्ताच आपल्याला नेमका चालणार नाही.

तिसरी गोष्ट रश्श्याची. मशरूमचा किंवा केशराचा रिसोत्तो वरून निखळ शाकाहारी दिसतो, पण त्यातला रस्सा पुष्कळ ठिकाणी कोंबडीचा असतो. भाज्यांचा रस्सा आहे का, हे विचारल्याशिवाय रिसोत्तो सांगू नये. पुत्तानेस्का सॉसमध्ये आणि सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची लहान मासळी असते, तेही टाळावे. आराब्याता, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि लाल मिरचीचा सॉस, आपल्या जिभेला रुचेल आणि त्यात लपलेले काही नसते.

शेवटी गोडाकडे वळू. तिरामिसूत पारंपरिक कृतीनुसार अंड्याचा बलक असतो, शिवाय खालची बिस्किटेही अंड्याचीच असतात. पान्ना कोत्ता हा सायीचा पदार्थ जिलेटिनने घट्ट करतात आणि जिलेटिन प्राण्यांपासून मिळते. काही ठिकाणी त्याऐवजी अगर-अगर वापरतात, ते विचारावे. आपल्यासाठी मी आफोगातो सुचवेन. व्हॅनिला आइस्क्रीमवर टेबलापाशीच गरम, कडक एस्प्रेसो ओततात. आइस्क्रीम अंड्याविना आहे एवढी खात्री करून एकच मागवा आणि दोघांनी खा.

हे सगळे प्रश्न जेवणाच्या ऐन वेळी विचारायला संकोच वाटतो, आणि आनंदाच्या दिवशी वेटरची उलटतपासणी करत बसणेही बरे दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, स्वयंपाकघर फारसे गजबजलेले नसताना फोन करा, निमित्त सांगा आणि चीज, अंडे व रस्सा या तीन गोष्टी विचारून घ्या. चांगला शेफ अशा प्रश्नांनी दुखावत नाही. उलट कोणासाठी रांधायचे आहे हे त्याला आधी कळते.

प्रश्न : पंचविसाव्या लग्नदिवशी आम्ही जेवणाबरोबर एक-एक ग्लास वाइन घ्यावी असे मनात आहे. दोघांनाही सवय नाही. कोणती मागवावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिककरांना द्राक्षांविषयी मी काय सांगावे? तरीही इटालियन जेवणासोबत आपल्याच राज्यातील एक द्राक्ष सुचवते. तोस्काना प्रांतातील प्रसिद्ध कियांती वाइन ज्या सांजोव्हेसे द्राक्षापासून होते, त्याची लागवड सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात फ्रातेल्ली या कंपनीने केली आहे. भारतीय आणि इटालियन भावंडांनी मिळून हा उद्योग उभा केला. या लाल वाइनला अंगचा आंबटपणा असल्यामुळे टोमॅटोच्या सॉसबरोबर ती चांगली जुळते. पांढऱ्या सॉसचा पास्ता किंवा रिसोत्तो असेल, तर थंड केलेली पांढरी वाइन घ्यावी.

सवय नसताना बाटली मागवू नका. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास निघतात आणि ते दोघांना जास्त होतील. काहीतरी पोटात गेल्यावरच वाइन घ्या, बरोबर पाणी पीत राहा, आणि परतताना स्वतः गाडी चालवू नका. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही अल्कोहोलची मर्यादा आहे. सवय नसलेल्या माणसाने ती अजमावून पाहण्यात काही अर्थ नाही. रिक्षाने जा आणि रिक्षाने या. दोघांपैकी एकाने जरी औषधे सुरू असल्यामुळे नको म्हटले, तरी दुसऱ्याने आग्रह करू नये.

प्रश्न : आम्ही जैन आहोत, कांदा, लसूण, बटाटा खात नाही. इटालियन जेवण आमच्यासाठी नाहीच असे समजावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असे मुळीच समजू नये. इटालियन स्वयंपाकात प्रत्येक पदार्थात कांदा-लसूण असतेच असे नाही. मार्गेरिता पिझ्झावर टोमॅटो, मोझरेला, तुळस आणि ऑलिव्ह तेल एवढेच असते. त्याच्या शेजारी छापलेल्या मारिनारात मात्र लसूण असते. रोमचा काचो ए पेपे हा पास्ता फक्त चीज आणि काळी मिरी यांवर उभा आहे, आणि लोणी व सेज नावाची सुगंधी पाने यांत घोळवलेला पास्ताही तितकाच साधा असतो. चीजची चौकशी आपल्यालाही करावी लागेल, ती वर सांगितल्याप्रमाणे करावी. न्योक्की मागवू नका, कारण ते बटाट्याचे असतात. रिसोत्तोची सुरुवात कांदा परतण्यापासून होते आणि रस्साही कांदा घालून आधीच उकळून ठेवलेला असतो, म्हणून तो हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावे लागेल. ऐन वेळी “कांदा काढून द्या” म्हणून तो होत नाही. पिझ्झाचा सॉसही काही ठिकाणी लसूण घालून एकदम करून ठेवतात, तेवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : लग्नानंतरचा पहिला वाढदिवस आहे. पिझ्झा हाताने खावा की काट्या-सुरीने? स्पॅगेटी तर मला खाताच येत नाही. चारचौघांत फजिती नको.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पिझ्झा दोन्ही प्रकारे खातात. ज्या नापोली शहरात त्याची परंपरा घडली, आणि जिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तिथे रस्त्यावर तो घडी घालून हाताने खातात आणि टेबलावर काट्या-सुरीने कापतात. स्पॅगेटीसाठी काट्यात तीन-चारच धागे घ्या, बशीच्या कडेला टेकवून फिरवा आणि गुंडाळले की उचला. सुरीने तुकडे करू नका, एवढे पुरे. हे नकोच वाटले तर पेन्ने मागवा. त्या नळ्या काट्याने सहज उचलल्या जातात. जेवणानंतर इटालियन माणूस कॅपुचिनो घेत नाही, तो सकाळी घेतो, असे आपल्याला कोणीतरी सांगेलच. ते खरे आहे, पण आपल्याला दुधाची कॉफी आवडत असेल तर ती मागवा. पहिल्या वाढदिवसाच्या दिवशी दुसऱ्याच्या सवयींची परीक्षा देण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी जर्मनीत असतो. डोंबिवलीत राहणाऱ्या आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी त्यांना इटालियन जेवण भेट द्यायचे आहे. बाबा किंमत पाहून एकच पदार्थ मागवतील याची खात्री आहे. काय करावे? बिलात सेवाशुल्क लावतात, ते द्यावेच लागते का?
— एक वाचक

उत्तर : रेस्टॉरंटशी आधी बोलून दोघांसाठी पदार्थ ठरवा, रक्कम आधीच भरा आणि टेबलावर मेन्यू न देता थेट वाढायला सांगा. छोट्या, मालक स्वतः लक्ष घालतो अशा ठिकाणी हे आनंदाने करतात. मात्र आई-बाबांना त्याची पूर्वकल्पना द्या. ज्येष्ठ माणसांना आपल्या ताटात काय येणार हे ठाऊक नसले की अवघडल्यासारखे होते, आणि पथ्य असेल तर ते त्यांनाच सांगता आले पाहिजे.

साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. लावलेले आढळले तर काढून टाकायला सांगता येते. पैसे भरतानाच आपण हे स्पष्ट करून घ्या, म्हणजे बाबांना बिलावरून बोलावे लागणार नाही. वाढणाऱ्यांसाठी बक्षिसी द्यायची असेल तर ती बाबांच्या हातून दिली जावी, एवढी सोय ठेवा. त्यांना ते आवडेल.