राजाचा शिरच्छेद १६४८ साली की १६४९?

प्रश्न : इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला, असे वाचले. तेव्हाच्या इंग्रजी कागदपत्रांत मात्र ३० जानेवारी १६४८ असे आहे, तर युरोपातल्या नोंदींत ९ फेब्रुवारी १६४९. यातले खरे कोणते?

उत्तर : तिन्ही खरे. दिवस एकच, मंगळवार.

इंग्लंडात तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला, ‘लेडी डे’ला सुरू होई. त्यामुळे जानेवारीतला हा दिवस तिथे १६४८ मध्येच पडला. (स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी धरली होती, म्हणून नोंद कुठली तेही पाहावे.) दुसरे, इंग्लंड जुनी ज्युलियन कालगणना पाळत होते, ती युरोपात बऱ्याच ठिकाणी रूढ झालेल्या ग्रेगोरियनच्या (आजच्या कालगणनेच्या) १० दिवस मागे होती. १७०० हे वर्ष ज्युलियनमध्ये लीप होते, ग्रेगोरियनमध्ये नव्हते, म्हणून १ मार्च १७०० पासून फरक ११ दिवसांचा झाला.

जुनी इंग्रजी तारीख वाचताना या दोन दुरुस्त्या वेगळ्या ठेवा. १ जानेवारी ते २४ मार्चमधली असेल तर सालात एक मिळवा. युरोपातल्या घटनेशी ताडायची असेल तरच दिवस वाढवा. इतिहासकार बहुधा साल बदलतात, दिवस तसाच ठेवतात. ‘१६४८/९’ असे जोडसाल दिसले तर सालाची दुरुस्ती झालेली आहे; पुन्हा एक मिळवलात की वर्षभराची चूक. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे आवडते विधानही इथेच अडखळते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, ग्रेगोरियन. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, ज्युलियन. एकाच मापाने मोजले तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला येतो.

प्रश्न : १७५२ मध्ये गेलेल्या ११ दिवसांसाठी लोकांनी दंगली केल्या का?

उत्तर : दंगलींचा समकालीन पुरावा नाही. त्या वर्षी ब्रिटनने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली, म्हणून बुधवार, २ सप्टेंबरनंतर थेट गुरुवार, १४ सप्टेंबर आला, एवढे खरे. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ ही घोषणा इंग्रज चित्रकार हॉगार्थच्या निवडणुकीवरील चित्रातल्या फलकावर आहे. पुढच्या लेखकांनी त्या चित्रालाच बातमी मानले. भाडे-देणी ११ दिवस आधी भरावी लागू नयेत, याची तजवीज कायद्यातच होती : मुदत पूर्ण दिवस मोजून धरायची. म्हणून २५ मार्चचे देणे ५ एप्रिलला गेले. ब्रिटनचे करवर्ष आजही ५ एप्रिललाच संपते.